बिराजदार मॅडमची चकती

बिराजदार मॅडम गप्प बसल्या असत्या तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय आणि माझं मत अजून बदललेलं नाही. पण बाई गप्प बसल्या नाहीत. त्या दिवशी भरल्या सभागृहात आम्हा सगळ्यांना जो हादरा बसला, त्यातून मी तरी पुरता सावरलेलो नाही.

आमचं कॉलेज जळकोटच्या पुढं, हायवे सोडून थोडं आत. मी तिथं मराठी शिकवायचो आणि चंद्रकला बिराजदार फिजिक्स. बाई उंच, हाडापेरानं मजबूत. कपाळावर विभूतीची बोटं, अंगावर इरकल आणि पायात पुरुषांच्या असतात तशा जाडजूड सँडल. घरात कानडी, बाजारात मराठी आणि वर्गात दोन्हीची मिसळ. रागावल्या की मात्र निव्वळ कानडी. त्यामुळं आपल्याला नेमक्या कोणत्या शिव्या बसल्या हे आमच्या पोरांना कधीच कळलं नाही, आणि म्हणून पोरं त्यांच्यावर जीव टाकायची.

त्यांचं एक पालुपद होतं : "एकदा झालं म्हंजी झालंच न्हाय." प्रयोगात आकडा बरोबर आला म्हणून पोरगं नाचत आलं की हे वाक्य ठरलेलं. मग पुन्हा मांडा, पुन्हा मोजा. हे प्रयोगापुरतं असतं तर ठीक होतं, पण बाई ते सगळीकडं लावायच्या. आमचे प्राचार्य एका महिन्यात एकदाही चिडले नाहीत म्हणून स्टाफरूममध्ये आनंदीआनंद झाला, तेव्हाही तेच. माझी कविता एका मासिकात छापून आली. मी अंक घेऊन मोठ्या मिजाशीत त्यांच्यापुढं गेलो. त्यांनी कविता वाचली, चष्मा काढला, अंक माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "छान हाय सर. पण एकदा झालं म्हंजी झालंच न्हाय." ती पुन्हा झाली नाही हे खरं आहे, पण म्हणून तोंडावर बोलायचं?

पीएचडीचं खूळ त्यांनी पन्नाशीला टेकल्यावर घेतलं. विषय असा, की घट्ट भाजलेल्या चकतीतून ऑक्सिजन कसा आरपार जातो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं बाई माझी फिरकी घेतायत. चिनीमातीच्या बशीसारखी घट्ट वस्तू, तिच्यातून हवेतला ऑक्सिजन जाईल कसा? तसं मी विचारलं, ते उमरग्याला, त्यांच्या पुतणीच्या लग्नात. पंगत बसली होती. पानं मांडलेली, मीठ-लिंबू वाढलेलं, हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पातेली दाराशी येऊन थांबलेली. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ पंगतीच्या टोकाला बसलेल्या एका फेटेवाल्या गृहस्थांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"तात्या, तुम्ही जरा उठा."

बसल्या पानावरून माणूस उठवायचा म्हणजे आमच्याकडं भाऊबंदकी सुरू करायची. तात्यांचा चेहरा लाल झाला. ते उठले मात्र.

"आता शेजारचे, तुम्ही तात्यांच्या जाग्यावर सरका. तुमच्या शेजारचे, तुम्ही ह्यांच्या. सरका, सरका!" अशी अख्खी रांग त्यांनी एकेक पाट सरकवली. शेवटी रिकामा पाट दुसऱ्या टोकाला आला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलं का सर? पंगत घट्टच हाय. पण एक जागा रिकामी हाय म्हनून सगळी माणसं सरकली. चकतीत मी अशाच रिकाम्या जागा करून ठेवते. ऑक्सिजन एका जागेवरनं दुसऱ्या जागेवर उडी मारत मारत ह्या टोकाचा त्या टोकाला."

नवऱ्या मुलीचा बाप कपाळाला हात लावून उभा होता. मॅडमनी तात्यांना त्या रिकाम्या पाटावर बसवलं, स्वतःच्या हातानं दुप्पट हुग्गी वाढली, वरून तुपाची धार धरली आणि भांडण तिथंच मिटलं. पण मला विषय समजला. पुढची शंकाही तिथंच विचारून घेतली, की मग अडचण काय आहे?

"अडचण अशी की गार असल्यावर कुणी जागचं उठत न्हाय. चकती आठशे डिग्रीला लाल केली तर ऑक्सिजन पळतो. थंड केली की बसला बूड टेकून."

थंड चकतीतून तो कसा पळवायचा, हे जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना पडलेलं कोडं आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सुटेल असं तेव्हा मॅडमनाही वाटत नव्हतं. पीएचडी बढतीसाठी होती आणि रमतगमत चालली होती. पांढुरकी पूड दगडी खलात घोटायची, दाबाच्या यंत्रात घालून रुपयाएवढी चकती पाडायची, भट्टीत भाजायची. चकती तडकली की एक कानडी शिवी. घरी गेलं की तिखट कुटायचं आणि इथं आलं की हे कुटायचं, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

मग करोनाची दुसरी लाट आली.

त्यांचे यजमान शिवलिंग सर शाळेत मास्तर होते. अतिशय मऊ माणूस; बायकोच्या मोठ्या आवाजाला हसून मान डोलावणारा. त्यांना दवाखान्यात ठेवलं. खाट मिळाली, डॉक्टर होते, धावपळ करणारी माणसं होती. सिलिंडरची गाडी वाटेत होती. ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. मॅडम त्यांच्या उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

मी भेटायला गेलो तेव्हा घरात दोघीच होत्या, मॅडम आणि शिवलिंग सरांची आई. सगळे तिला अव्वा म्हणायचे. अव्वा भिंतीकडं तोंड करून पडलेली होती. मॅडम रडत नव्हत्या. मला चहा दिला, माझ्या मुलाच्या बारावीची चौकशी केली. कॉलेज बंद होतं, तरी आठवड्याभरात त्या प्राचार्यांच्या घरी जाऊन लॅबची किल्ली मागत होत्या. प्राचार्य बिचारे दारातच उभे राहिले, मग आत जाऊन किल्ली घेऊन आले. मलाही धसका बसला. दुःखानं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला, असं गावात बोललं गेलं. खोटं कशाला सांगू, मीही तसंच समजलो.

जूनमध्ये एकदा मी धीर करून लॅबमध्ये गेलो. त्या खल घोटत होत्या.

"मॅडम, थोडी विश्रांती घ्या की."

हात न थांबवता त्या बोलल्या. "सर, हवेत पाचवा हिस्सा ऑक्सिजन हाय. तिथं खोलीतबी होता. माझ्या नवऱ्याच्या नाकापुढं होता. नुसता निवडून द्यायचा होता. ही चकती ऑक्सिजन सोडून दुसरं काही आरपार जाऊ देत न्हाय. एका बाजूनं हवा घाला, दुसऱ्या बाजूनं निव्वळ ऑक्सिजन घ्या. सिलिंडर नको, गाडी नको, वाट बघणं नको. पण आठशे डिग्रीची भट्टी पेशंटच्या उशाशी कोण ठेवणार? गार चकतीतनं आला पाहिजे."

त्या दिवसापासून त्या बढतीचं नाव विसरल्या. नेहमीच्या लाईटच्या बटणावर चालेल, खेड्यातल्या घरात कोपऱ्यात मावेल, एवढं यंत्र. त्याशिवाय दुसरं बोलणंच नाही. आधी हसतमुख असलेली बाई हटवादी झाली. लग्नं सोडली, यात्रा सोडल्या, स्टाफरूममधला चहा सोडला.

चहा त्यांनी सोडला, पण पुढच्या उन्हाळ्यात चहाच त्यांच्याकडं गेला. त्याचं असं झालं, की आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. मार्चपासून भिंती तापतात. लॅबमधला मोजणीचा कॉम्प्युटर दुपारी गरम होऊन बंद पडायचा, म्हणून प्राचार्यांनी तिथं खिडकीत एक दणदणीत कूलर बसवून दिला. अख्ख्या कॉलेजात वाळ्याचा गार वारा फक्त तिथं. मग काय! इतिहासवाले, हिंदीवाले, ऑफिसातले, सगळे दुपारी मॅडमच्या लॅबमध्ये. मी तर पेपरही तिथंच तपासायचो. एका कोपऱ्यात आमच्या गप्पा आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्यांची चकती. ऑक्सिजन काही डोळ्यांना दिसत नाही. चकतीला बारीक तारा जोडून तिच्यातून वीज किती वाहते ते मोजायचं आणि त्यावरून आत ऑक्सिजन किती सरकतोय ते ठरवायचं, अशी पद्धत.

आणि एका दुपारी वीज वाहिली. चहा उकळतो त्याच्या बरंच खाली, एवढ्याच तापमानाला. त्या तापमानाला जेवढी अपेक्षा असते त्याच्या कितीतरी पट.

मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा झालं म्हंजी झालंच न्हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. नवी चकती केली, तिलाही तेच. सगळा उन्हाळा त्यांनी रोज दुपारी मोजलं आणि रोज दुपारी चकतीनं साथ दिली. तेव्हा कुठं त्यांनी विद्यापीठातल्या गाईडसरांना फोन केला. गाईडसर गाडी काढून त्याच दिवशी आले. दोघांच्या नावानं लेख छापून आला. दिवाळीत प्रबंध गेला. आमच्या प्राचार्यांनी गेटवर फ्लेक्स लावला, त्यात मॅडमपेक्षा प्राचार्यांचा फोटो मोठा होता. हिवाळ्यात एकदा चकती रुसली, वीज वाहीना. पण गाईडसर म्हणाले, तारेचा चिकटवा सुटला असेल, आता हात लावू नका. त्या वेळी मॅडमनी ते ऐकलं.

पुढचा उन्हाळा. मे महिना, टँकरची पाळी चुकलेली. कूलरमधलं पाणी आटलं आणि आमच्या तोंडावर नुसत्या गरम झळा यायला लागल्या. आम्ही कुरकुरत उठायच्या बेतात असताना शिपाई महादेवमामा कुठून तरी बादली घेऊन आले आणि त्यांनी ती कूलरमध्ये ओतली. वारा गार झाला, आम्ही पुन्हा बसलो. मॅडम पडद्याकडं बघत होत्या. त्यांनी मान वळवून कूलरकडं पाहिलं, परत पडद्याकडं पाहिलं. मग उठून त्यांनी कूलर बंद केला.

"अहो मॅडम!" आम्ही सगळे एकसुरात ओरडलो.

"सगळे भायेर जावा," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, की आम्ही चहाचे कप तिथंच ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच प्रकार. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या असतात ना, त्या त्यांनी सगळ्या स्टाफकडं मागायला सुरुवात केली. नळदुर्गच्या चपलांच्या दुकानातून पिशवी भरून आणल्या. लॅबमध्ये तव्यावर त्या पुड्यांतले दाणे भाजायच्या, नळीत भरायच्या, आणि माशांच्या टाकीला लावतात तसल्या पंपानं त्या नळीतून चकतीवर हवा सोडायच्या. मी गंमत केली, "मॅडम, डॉक्टर झाल्यावर चपलांचं दुकान काढणार काय?" त्या हसल्या नाहीत. मला चुकल्यासारखं झालं, पण विचारायची छाती झाली नाही.

पीएचडीची तोंडी परीक्षा आमच्याकडं परीक्षा राहिलेली नाही, ते एक कार्य आहे. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. परीक्षकांचे अहवाल आलेले असतात, पेढे आदल्या दिवशी सांगितलेले असतात, शाल-श्रीफळ पिशवीत तयार असतं, आचाऱ्यानं भात चढवलेला असतो. मॅडमच्या माहेरची, सासरची माणसं दोन जीप भरून आली होती. कधी घराबाहेर न पडणारी अव्वा हट्टानं आली होती आणि पहिल्या रांगेत हातातली काठी टेकून बसली होती. पेढ्यांची खोकी आणि शाल माझ्याकडं. मी दाराजवळ उभा होतो.

मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवत सगळं व्यवस्थित सांगितलं. त्या आलेखापाशी आल्या, ज्याच्यासाठी लोक जमले होते. आणि थांबल्या.

"हे चूक हाय," त्या म्हणाल्या.

गाईडसर हसले. त्यांना वाटलं चित्र चुकीचं लागलं.

"चित्र बरोबर हाय सर. त्याचा अर्थ चूक हाय. माझ्या लॅबात कूलर हाय. त्याच्या ओल्या हवेतलं पाणी चकतीत भाजताना राहिलेल्या बारीक भोकांत शिरतं आणि वीज त्या पाण्याच्या आधारानं वाहते. हवा कोरडी करून मी पुन्हा मोजलं. काही वाहत न्हाय. ऑक्सिजन जागचा हललेला न्हाय. मी पुन्हा पुन्हा मोजलं म्हणून मला खरं वाटलं. पण रोज मोजलं ते कूलर लावूनच."

गाईडसर उभे राहिले आणि दबल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बसा. हे इथं बोलायचं नसतं." त्यांचंही नाव त्या लेखावर होतं. प्राचार्य रुमालानं मान पुसत होते. मागं कुणीतरी कुणाला तरी, "आचाऱ्याला थांबवू काय?" असं विचारलं.

बाहेरगावचे परीक्षक वयस्क होते. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मॅडम, मी अहवालावर सही केली होती. मला हे दिसलं नव्हतं. तुम्ही का सांगितलं?"

"तुम्ही सही केली म्हणूनच सर. तुम्ही पकडलं असतं तर प्रश्न मिटला असता. आता दुसरं कुणी हे खरं मानून यंत्र करायला बसंल, आणि त्याच्या घरी पेशंट असंल."

परीक्षक बराच वेळ गाईडसरांशी हळू आवाजात बोलले. मग त्यांनी जे सांगितलं त्यानं सगळे दुसऱ्यांदा हबकले. भोकाभोकांत पाणी जाऊन वीज वाहते, हे दाखवणं हेसुद्धा कामच आहे, म्हणाले. तेवढं प्रकरण नव्यानं लिहा, कोरड्या हवेतली मोजणी जोडा. पदवी अडणार नाही.

टाळ्या! जीपमधून आलेली मंडळी उठून उभी राहिली. त्यांना एवढंच कळलं, की अडलेलं पार पडलं. गाईडसरांनी पहिली टाळी वाजवली असं मला नंतर सांगण्यात आलं. आणि त्या टाळ्यांत मॅडम टेबलाला धरून रडायला लागल्या. शिवलिंग सर गेले तेव्हा मी त्यांच्या डोळ्यात टिपूस पाहिलं नव्हतं. आता हुंदके आवरत नव्हते. लोक म्हणाले, आनंदाश्रू. मला ते पटलं नाही. बाईंना डॉक्टर व्हायचंच नव्हतं, त्यांना उशाशी ठेवायचं यंत्र हवं होतं आणि ते होणार नाही हे त्यांनी आताच स्वतःच्या तोंडानं जाहीर केलं होतं.

पुढं सगळं रीतसर झालं. प्रकरण लिहून झालं, पदवी आली. लेख मागं घ्यायला त्यांनीच कळवलं आणि गाईडसरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नंतर त्या निवृत्त होऊन, गुलबर्ग्याला दिलेल्या लेकीकडं गेल्या. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या येतात त्या त्याच दिवशीच्या, सभागृहाच्या जिन्यातल्या.

मंडळी जेवायला खाली गेली होती. शाल द्यायची राहिली म्हणून मी मागं थांबलो होतो. मॅडम अव्वाला धरून जिन्यापाशी आल्या. म्हातारी पहिल्याच पायरीवर थांबली. दोघी कानडीतच बोलल्या; मला समजलं ते मराठीत सांगतो.

"चंद्रा, म्हंजी तुज्या त्या चकतीतनं हवा येतच न्हाय?"

"न्हाय येत, अव्वा."

"कवाच येत नव्हती?"

"कवाच न्हाय. पान्याचा खेळ हुता."

अव्वा काठीकडं बघत राहिली. "म्हंजी तू आदीपासनं जीव लावून केलं असतंस, तरीबी माज्या शिवाला मिळाली नसती?"

"नसती मिळाली."

"मला वाटायचं," अव्वा म्हणाली, "हिनं इतकी वर्सं खेळत काढली. आदी हात उचलला असता तर माजं लेकरू वाचलं असतं. तुज्या हातचं खाल्लं, पर मनात हेच धरून बसले हुते."

एका छपराखाली, ताटाला ताट लावून, त्या दोघी हे घेऊन बसल्या होत्या. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी गेलो नाही.

मॅडम म्हणाल्या, "मला ठावं हुतं, अव्वा. मलाबी तसंच वाटायचं."

म्हातारीनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं सुनेचा चेहरा चाचपला, डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. मग तिचा हात धरला. दोघी एकेक पायरी उतरायला लागल्या. कोण कुणाला धरून होतं हे मला वरून कळत नव्हतं. खालून प्राचार्य हाका मारत होते, पेढे कुणाकडं आहेत म्हणून. पेढे माझ्याकडं होते. मी ओ दिली नाही.